विसरणाऱ्या माणसाचे गुपित



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, "ज्याला काही आठवतच नाही, त्याला गुपित कसले?" प्रश्न थट्टेचा होता, परंतु तो घेऊन मी घरी गेलो आणि आठ दिवस त्याने माझा पिच्छा सोडला नाही. आजचे सारे विवेचन म्हणजे त्या स्नेह्यांना दिलेले लांबलेले उत्तर होय, असे समजावे.

प्रथम शब्दांचा खुलासा करू. वैद्यकात ज्याला डिमेन्शिया म्हणतात, त्याला आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. वयाबरोबर येणारा विसरभोळेपणा निराळा आणि हा रोग निराळा. दूध चुलीवर ठेवले आहे हे विसरणे हा विसरभोळेपणा. दूध तापवायचे कसे हेच न उमगणे हा रोग. त्याचे प्रकार अनेक. त्यांतला सर्वांत अधिक आढळणारा अल्झायमरचा. दुसरा मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडाने होणारा. काही प्रकारांत तर प्रारंभी स्मरण शाबूत राहते आणि वागणे तेवढे बदलते. जन्मभर जपून बोलणारा माणूस चारचौघांत नको ते बोलू लागतो. हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

हे दुखणे विरळा नाही. भारतात झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे या विकाराने ग्रासलेली आहेत. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या भावकीत, शेजारात किंवा आळीत असे एखादे माणूस असणार, आणि बहुधा त्याच्याविषयी दबक्या आवाजात बोलले जात असणार.

अशा माणसांसाठी आता मोठ्या शहरांतून दिवसाची सांभाळकेंद्रे निघाली आहेत. त्यांना 'डे केअर' हेच नाव रूढ झाले आहे. सकाळी गाडी येते, आजोबांना घेऊन जाते. तिथे प्रार्थना होते, बसल्या बसल्या व्यायाम होतो, जुनी गाणी लागतात, जेवण व वामकुक्षी होते. आणि पाचच्या सुमारास आजोबा घरी परततात. तेवढ्या वेळात सून नोकरी करून येते, किंवा म्हातारी पत्नी स्वस्थपणे दोन तास झोपते. या दोन तासांच्या झोपेचे मोल ज्याने असा रुग्ण सांभाळला आहे त्यालाच ठाऊक.

लोक या केंद्रांना 'म्हाताऱ्यांचे पाळणाघर' म्हणतात. शब्द प्रेमाचा आहे, पण फसवा आहे. पाळणाघरातल्या मुलाच्या पाठीशी दोन-तीन वर्षांचे आयुष्य असते. येथे आलेल्या माणसाच्या पाठीशी पंचाहत्तर वर्षांचे असते. त्याने घरे बांधली, कर्जे फेडली, भांडणे मिटवली, काही चुका केल्या आणि त्या झाकल्या. मुलाला झाकण्याजोगे अजून काही घडलेले नसते. म्हाताऱ्याचा सारा इतिहास मात्र त्याच्याबरोबर केंद्राच्या दारात येऊन उभा राहतो, आणि त्या इतिहासाला राखण घालण्याचे सामर्थ्य तेवढे त्याच्यापाशी उरलेले नसते. आजच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

या रोगाच्या इतिहासाचे पहिले पानच या प्रश्नाने सुरू होते, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. १९०१ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारले व उत्तरे टिपून ठेवली. नाव विचारले, तर तिने 'आऊगुस्ट' असे सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तर तेच पुन्हा सांगितले. नाव लिहावयास दिले, तर आरंभीचा 'श्रीमती' हा शब्द लिहून ती थांबली; पुढचे तिला सुचेना. १९०६ च्या एप्रिलात ती वारली, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील सभेत अल्झायमर यांनी तिच्या दुखण्याची हकिकत मांडली. पुढच्या वर्षी ती छापली गेली. त्या छापील निबंधात रुग्णाचे नाव नाही. '५१ वर्षांची एक स्त्री' एवढाच उल्लेख आहे. स्वतःचे नाव लिहिता न येणाऱ्या त्या बाईचे नाव तिच्या डॉक्टरने जपले.

पुढे १९९५ साली फ्रांकफुर्टमध्ये तिचे जुने कागद सापडले, १९९७ साली ते प्रसिद्ध झाले, आणि आज तिचे पूर्ण नाव व छायाचित्र साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्या कागदांमुळे रोगाच्या मागचे माणूस जगाला दिसले, हा लाभ लहान नव्हे. तथापि तिला कोणी विचारले नव्हते, हेही खरे. माहिती उघड होण्याने भले होते आणि माहिती उघड होण्याने माणूस उघडा पडतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सांभाळकेंद्रात हा पेच दररोज सकाळी गाडीतून उतरतो.

आता विषय समजण्यासाठी आपण एक घर कल्पू. तात्या हे निवृत्त मुख्याध्यापक, वय ७८. मुलगा व सून नोकरी करतात, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी आहे. तात्यांना केंद्रात घालावयाचे ठरते आणि मुलासमोर प्रवेशाचा छापील कागद येतो. हा कागद भरताना मुलगा बहुधा दोन चुका करील. पहिली, सांगावयास हवे ते लपवील. तात्या दोनदा घरातून निघून गेले होते आणि एकदा रात्री एस. टी. स्थानकावर सापडले, हे तो लिहिणार नाही. लिहिले तर केंद्र घेणार नाही, ही धास्ती. घरात नात लग्नाची असेल, तर दुखण्याचे नावही लिहावयास त्याचा हात धजणार नाही; स्थळ मोडेल ही भीती. वस्तुतः वडिलांकडून मुलाकडे थेट उतरणारा स्मृतिभ्रंश अगदी थोड्या घराण्यांत आढळतो; पण सोयरिकीच्या बाजारात वैद्यकाचे कोण ऐकतो? दुसरी चूक म्हणजे, सांगावयास नको ते सांगील. समोरची बाई सहानुभूतीने ऐकते आहे असे पाहून त्याचे मन मोकळे होईल, आणि शेतीचा वाद, बहिणीशी अबोला, तात्यांचे जुने कर्ज हे सारे टेबलावर येईल.

मग रेघ कोठे ओढावी? मला एक साधी कसोटी सुचते. केंद्राने स्वतःला विचारावे: ही गोष्ट आम्हांला ठाऊक नसली, तर उद्या दिवसभरात या माणसाचे काय बिघडेल? तात्यांना मधुमेह आहे हे ठाऊक नसले, तर औषध चुकेल. पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो हे ठाऊक नसले, तर जीव जाईल. संध्याकाळ झाली की ते कावरेबावरे होतात, 'शाळेची घंटा झाली' म्हणून दाराकडे धावतात, हे ठाऊक नसले तर दार उघडे राहील. या गोष्टी विचारल्याच पाहिजेत आणि घरच्यांनी त्या सांगितल्याच पाहिजेत. येथे संकोच म्हणजे अपराध होय. उलट शेतीचा वाद ठाऊक नसला, तर तात्यांचे उद्या काहीही बिघडत नाही. म्हणून तो विचारू नये. कोणी सांगू लागला तर आदराने थांबवावे, आणि कानांवर पडलाच तर कागदावर उतरवू नये.

तात्यांचे पूर्वायुष्य मात्र या कसोटीला काही अंशी उतरते. त्यांना भूगोल शिकवण्याची आवड होती, मुलांनी उभे राहून 'नमस्ते गुरुजी' म्हटले की त्यांचा चेहरा फुलतो, हे ठाऊक असले तर त्यांचा दिवस सुखाचा जाईल. ब्रिटनमधील विचारवंत टॉम किटवुड यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच आग्रह धरला की, रोगाच्या आधी माणसाकडे पाहा. माणसाकडे पाहावयाचे तर त्याच्याविषयी काही ठाऊक हवे. तेव्हा माहितीच नको असे म्हणणे हा गोपनीयतेचा अर्थ नव्हे.

माहिती आत आली की दुसरा प्रश्न उभा राहतो: आतल्या आत ती कोणाला द्यावी? आपल्याकडे फाइल एकदा उघडली की शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांची होते. येथे तसे होता कामा नये. गाडीच्या चालकाला एवढेच कळावे की, घरी कोणी दार उघडल्यावाचून तात्यांना सोडू नये. स्वयंपाकिणीला कळावे की साखर वर्ज्य आणि भात मऊ हवा. हात धरून न्हाणीघरात नेणाऱ्या सेविकेला अधिक ठाऊक हवे, कारण ती अधिक जवळ जाते. रोगाचा पूर्ण तपशील परिचारिकेने व डॉक्टरांनी पाहावा. ज्याचे जेवढे काम, त्याला तेवढी माहिती. इंग्लंडमध्ये १९९७ साली डेम फियोना कॅल्डिकॉट यांच्या समितीने रुग्णालयांसाठी जी तत्त्वे घालून दिली, त्यांचा गाभा हाच होता. परंतु पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. माणसे या तत्त्वांचा बाऊ करून आवश्यक माहितीही दडवू लागली. तेव्हा २०१३ साली त्याच बाईंनी आणखी एक तत्त्व जोडले: माहिती वेळेवर देण्याचे कर्तव्य हे ती जपण्याच्या कर्तव्याइतकेच महत्त्वाचे असू शकते. कुलूप आणि किल्ली दोन्ही हवीत, नाही तर दाराला अर्थ नाही.

आता तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रसंग. कागदावर न लिहिलेली माहिती रोग स्वतःच बाहेर काढतो. समजा, एका दुपारी तात्या एका सेविकेचा हात धरून तिला एका स्त्रीच्या नावाने हाक मारतात आणि डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागतात. ते नाव त्यांच्या पत्नीचे नाही. सेविका काय करील? मनुष्यस्वभाव असा की, चहाच्या वेळी ती दुसरीला सांगेल. दुसरी संध्याकाळी सुनेला सांगेल. आणि पन्नास वर्षे मनाच्या तळाशी राहिलेली गोष्ट पंधरा दिवसांत नातेवाइकांत फिरेल. तात्यांनी ती कोणालाही सांगितली नव्हती. त्यांच्या हातून ती सांडली. सांडलेले उचलून चव्हाट्यावर मांडावयाचे नसते. सेविकेने वहीत एवढेच लिहावे: 'दुपारी जुन्या आठवणीने व्याकूळ झाले, हात हातात धरून बसल्यावर शांत झाले.' उद्याच्या सेविकेला एवढे पुरेसे आहे. नाव कोणालाच नको.

चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेला उपदेश आहे. रुग्णाच्या घरात शिरल्यावर तेथे जे दिसेल ते बाहेर बोलू नये, असे त्याला बजावले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी वैद्य रुग्णाच्या घरात जात असे. आज रुग्ण सांभाळणाऱ्याच्या घरात येतो. उंबरठा बदलला, नियम बदलला नाही.

पण हा नियम कोठे थांबतो तेही सांगितले पाहिजे. तात्या म्हणतात, "सुनेने माझी अंगठी चोरली." चोरीचा संशय हे या रोगाचे नेहमीचे लक्षण आहे. वस्तू कोठे ठेवली हे आठवत नाही, तेव्हा ती कोणी तरी नेली असे मन ठरवून टाकते. हे वाक्य शेजारी पोचवणे म्हणजे त्या सुनेचा संसार नासवणे होय. परंतु तात्यांच्या दंडावर वारंवार वळ दिसत असतील, घरचे कोणी समोर येताच ते अंग चोरत असतील, तर 'घरची गोष्ट घरात' असे म्हणून गप्प बसणे हे पाप आहे. तेव्हा सेविकेने केंद्राच्या प्रमुखाला सांगावे आणि प्रमुखाने जरूर तर कायद्याचे दार ठोठवावे. ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी २००७ चा कायदा आहे. गोपनीयता ही रुग्णाची ढाल आहे. त्याला छळणाऱ्याची ढाल तिने होऊ नये.

कायद्याचे नाव निघाले म्हणून थोडे त्याविषयी बोलतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षी संमत झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. मानसिक आजाराच्या त्यातील व्याख्येत स्मरणशक्तीच्या व भानाच्या गंभीर बिघाडाचा समावेश आहे. त्याचे २३ वे कलम रुग्णाच्या माहितीला संरक्षण देते आणि अपवादही सांगते: उपचार करणाऱ्यांना, रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला, कोणाच्या जीवाला धोका असेल तेव्हा, किंवा न्यायालयाचा हुकूम असेल तेव्हा माहिती देता येते. २४ वे कलम म्हणते की, उपचार घेणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवाचून वृत्तमाध्यमांना देऊ नये. एखादे सांभाळकेंद्र या कायद्याच्या चौकटीत काटेकोरपणे बसते की नाही, हे त्या केंद्राच्या स्वरूपावर ठरेल. पण चांगल्या केंद्राने तेवढ्यासाठी वकील गाठण्याची गरज नाही. त्याने हे नियम आपलेच मानावेत. यंत्रांत साठवलेल्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ साली निराळा कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरवलेली आहे.

या २०१७ च्या कायद्यातील दोन गोष्टी तुम्ही घरी घेऊन जाव्यात अशी माझी इच्छा आहे. पहिली अशी: माणूस निर्णयास समर्थ आहे की नाही, हे त्याच्या रोगाच्या नावावरून ठरत नाही. समोरची गोष्ट त्याला समजते का, तिचा परिणाम त्याच्या ध्यानात येतो का, बोलून किंवा खुणेने तो आपली इच्छा सांगू शकतो का, हे पाहावयाचे असते. आपल्याला त्याचा निर्णय चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो असमर्थ ठरत नाही. तात्यांना बँकेचा व्यवहार कळणार नाही. पण 'तुमचे दुखणे या बाईंना सांगू का?' हा प्रश्न सकाळच्या प्रसन्न वेळी, सावकाश, समोर बसून विचारला तर कदाचित कळेल. ते मान हलवतील. ती मान मोजली पाहिजे. आपण मुलाला विचारतो, डॉक्टरांना विचारतो. मधल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तेवढे विचारावयाचे विसरतो. अशा वेळी स्मृतिभ्रंश कोणाला झाला आहे, हा प्रश्न पडतो.

दुसरी गोष्ट अशी: आपल्या वतीने कोणी बोलावे हे माणसाला आधी ठरवून ठेवता येते. साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून प्रतिनिधी नेमता येतो. थोरला मुलगा म्हणून तो हक्क आपोआप थोरल्याकडे जात नाही. नेमणूक नसेल तर कायद्याने लावलेला क्रम लागू होतो, त्यात नातेवाईक व सांभाळणारे येतात आणि तेथेच बहुधा भावाबहिणींची जुंपते. मुलगी दूरच्या गावाहून केंद्राला विचारते, 'दादा माझ्या वडिलांना नीट सांभाळतो का?' मुलगा बजावतो, 'तिला काही सांगू नका.' केंद्राने कोणाचे ऐकावे? तात्यांनी धडधाकट असताना चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. आपण मृत्युपत्र करतो ते मरणानंतरच्या मालमत्तेसाठी. जिवंतपणीच्या अब्रूसाठी अर्धे पान खर्च करावयास कोणाची हरकत असावी?

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझे थोरले मामा एका पेढीवर चाळीस वर्षे हिशेबनीस होते. पांढरे धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. या पोषाखावाचून बाजारपेठेने त्यांना कधी पाहिले नाही. पै-पैचा मेळ लागल्याखेरीज ते उठत नसत. शेवटच्या वर्षांत त्यांना या रोगाने गाठले आणि ते एका केंद्रात जाऊ लागले. तेथे त्यांचा वाढदिवस झाला. डोक्यावर कागदाचा मुकुट, गळ्यात लाळेचे फडके, हातात फुगा, अशा अवस्थेत कोणी तरी त्यांचे छायाचित्र काढले आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवले. गटातून ते दुसऱ्या गटात गेले आणि दोन दिवसांत बाजारपेठेत पोचले. पेढीवरच्या जुन्या माणसाचा फोन आला, "दादांचं हे काय झालं हो?" त्यानंतर मामी पंधरा दिवस घराबाहेर पडल्या नाहीत.

ते छायाचित्र ज्या मुलीने काढले, तिच्याइतकी माया मामांवर तेथे दुसऱ्या कोणी केली नाही. तीच त्यांना घास भरवीत असे. तिच्या मनात कौतुकावाचून काही नव्हते. म्हणूनच ही गोष्ट सांगितली. गुपिते फक्त दुष्ट माणसे फोडतात, असा आपला समज असतो. खरे पाहता ती बहुधा मायेने, कौतुकाने आणि रिकाम्या वेळेमुळे फुटतात. त्या मुलीला कोणी रागे भरले नाही. पण छायाचित्र पाठवण्यापूर्वी 'हे मामांनी शुद्धीत पाहिले असते तर पाठवू दिले असते का?' एवढा एक प्रश्न विचारण्याची शिकवण तिला कोणी दिलीही नव्हती.

तेव्हा कोणी तरी आमचे समाधान केले की, 'अहो, त्यांना काय कळते!' या वाक्याचा समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाची व आनंदाची चित्रफीत दाखवली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. थोड्या वेळाने काय पाहिले ते रुग्णांना जवळजवळ सांगता येईना. परंतु त्या दृश्यांनी निर्माण केलेला विषाद वा आनंद त्यांच्या मनात तसाच रेंगाळत होता. प्रसंग पुसला गेला, भावना राहिली. म्हणजे चारचौघांसमोर 'काल यांनी धोतर ओले केले' असे मोठ्याने बोलले गेले, तर तात्या ते वाक्य विसरतील. पण संध्याकाळभर खजील होऊन बसतील आणि का ते त्यांना सांगता येणार नाही. ज्याला कारण आठवते तो निदान भांडू शकतो. याच्यापाशी नुसती वेदना उरते.

अखेरचा पेच सुरक्षिततेचा. वाट चुकणाऱ्या माणसाच्या खिशात नाव-पत्ता असावा की नसावा? असावाच. परंतु पाठीवर 'स्मृतिभ्रंशाचा रुग्ण' अशी पाटी लावून त्याला हिंडवावे काय? चोराचिलटांना ते आमंत्रणच होईल. जपानमधील इरुमा नावाच्या शहराने २०१६ साली एक युक्ती काढली. नखावर चिकटणारी इवलीशी चौकोनी खूण. यंत्राने वाचली की त्यातून नगरकचेरीचा दूरध्वनी व एक क्रमांक मिळावा. घर सापडते आणि ओळख जपली जाते. इंग्लंडमधील पोलिसांनी 'हर्बर्ट प्रोटोकॉल' नावाचा एक अर्ज केला आहे. नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेल्या आणि पुढे या रोगाने ग्रासलेल्या एका सैनिकाच्या नावावरून ते नाव पडले. माणूस कोठे जाण्याचा संभव आहे, पूर्वी कोठे राहत होता, अंगावर काय खूण आहे, हे घरच्यांनी आधीच भरून ठेवावयाचे आणि माणूस हरवला तरच ते पोलिसांच्या हाती द्यावयाचे. माहिती तयार असते, पण बंद असते. आपल्या तात्यांच्या सदऱ्याच्या आत केंद्राचा दूरध्वनी शिवून ठेवणे हे याच जातीचे शहाणपण होय, आणि त्याला दोरा-सुईपलीकडे काही लागत नाही.

दालनात बसवलेल्या कॅमेऱ्यांनाही हाच न्याय लावावा. दारावर व जिन्यावर ते असावेत; न्हाणीघरात व कपडे बदलण्याच्या जागी कदापि असू नयेत. टिपलेले चित्र कोण पाहतो आणि किती दिवसांनी पुसतो, हे केंद्राने घरच्यांना पहिल्याच दिवशी लेखी सांगावे. ज्या केंद्राला हा प्रश्न विचारल्याचा राग येतो, त्या केंद्राविषयी आपण दोनदा विचार करावा.

श्रोतेहो, आता माझ्या स्नेह्यांकडे वळतो. ज्याला काही आठवत नाही त्याला गुपित कसले, असे त्यांनी विचारले होते. मला उत्तर सापडले ते मामांच्या पेढीवर. मामा सांगत की, ठेव ठेवणारा पावती हरवून बसला किंवा ठेवल्याचेच विसरला, म्हणून ठेव पेढीची होत नाही. वहीत त्याच्या नावे ती जमाच राहते, आणि जो हिशेबनीस ती परस्पर खर्ची टाकतो त्याला चोर म्हणतात. स्मृतिभ्रंशाच्या माणसाने आपले सारे आयुष्य असेच आपल्यापाशी ठेव म्हणून ठेवले आहे. मागावयास तो येणार नाही. आपल्या वहीत मात्र ती त्याच्या नावे जमाच राहिली पाहिजे.